पोलादपूरची सुवर्णवीणा

आमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘मराठी ध्वनिफीत सृष्टीचा वार्षिक गौरव सोहळा’. खाली सोहळ्याचं ठिकाण म्हणून पोलादपूर. मी पत्रिका दोनदा वाचली, मग घरच्यांना वाचून दाखवली. आमच्याकडे कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, कारण महाबळेश्वरला जाताना पोलादपूर लागत नाही असं सगळ्यांचं ठाम मत होतं आणि तिथे काहीही होऊ शकतं असंही.

मी पुण्याच्या एका दैनिकात रविवारी नव्या गाण्यांविषयी लिहिते. पूर्वी रेकॉर्डींविषयी लिहीत असे. आता घरोघरी टेपरेकॉर्डर आले, त्यामुळे कॅसेटींविषयी लिहिते. कॅसेट काढणं इतकं सोपं झालंय की पुण्यात ज्याला गाता येत नाही त्याची तरी निदान एक कॅसेट असतेच. अशा सृष्टीचा गौरव कुणीतरी करायला हवाच होता, आणि तो करायचं मुंबईच्या सप्तघोष कॅसेट कंपनीचे मालक उत्तेकरशेठ यांनी मनावर घेतलं होतं. शेठ मूळचे पोलादपूरच्या वरच्या डोंगरातले. सोहळ्याला ‘सुवर्णवीणा’ हे नाव त्यांचंच. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. परीक्षकाला गाडीभाडं आणि शाल मिळणार होती. जुलै महिन्यात कोकणात शाल कशासाठी लागते, हे मी तिथे जाऊनच पाहायचं ठरवलं.

महाड, शनिवार

वरंधा घाटाविषयी मी काही लिहिणार नाही, कारण त्यातला बराचसा भाग मी डोळे मिटून पार केला. महाडच्या स्टँडवर उतरले तेव्हा छत्री घेऊन एक उंच, सडसडीत गृहस्थ उभे होते. ते जाधव गुरुजी, माझ्यासारखेच परीक्षक. राहायला महाडात, शिकवायला पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावच्या शाळेत. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि चालता चालता अगदी शांतपणे सांगितलं की निकाल लागलेला आहे, तेव्हा घाई करायचं कारण नाही, आधी चहा घेऊ.

मला ती थट्टा वाटली. गुरुजी थट्टा करत नाहीत, हे मला पुढच्या तासाभरात कळलं.

परीक्षक मंडळाची बैठक सकपाळ यांच्या दुकानात होती. सकपाळ हे तिसरे परीक्षक, उत्तेकरशेठचे मेहुणे. त्यांचं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे संगीताशी त्यांचा संबंध आतल्या बाजूने येतो. दुकानात भिंतभर घड्याळं लटकलेली आणि प्रत्येकात वेगळी वेळ. त्याखाली फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच सुवर्णवीणा ओळीने मांडलेल्या. एकीचा कागद सुटला होता म्हणून मी पाहिलं. वीणा प्लास्टरची, वर सोनेरी रंग, आणि तळाशी पितळी पट्टीवर कोरलेलं: सर्वोत्कृष्ट गायक, कुमार चंद्रहास.

मी विचारलं, निकाल आधीच कोरलाय, तर आम्ही काय करायचं? सकपाळ म्हणाले, सही. मुंबईहून पट्ट्या कोरून आणायच्या म्हणजे वेळ लागतो, कोरणारे काय आपल्यासाठी थांबत नाहीत. त्यांच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. उलट परीक्षकांचा त्रास कमी केल्याबद्दल आपल्याला शाबासकी मिळावी अशी त्यांची अपेक्षा दिसली.

पाचांपैकी तीन वीणा कुमार चंद्रहास यांच्या होत्या: गायक म्हणून, भक्तिगीतासाठी आणि भावगीतासाठी. चौथी ध्वनिमुद्रणासाठी सकपाळांच्या चिरंजीवांना. पाचवी उत्तेकरशेठना, संगीतसेवेबद्दल. स्वतःचा गौरव करायला फार धैर्य लागतं, आणि ते शेठकडे होतं. सगळे विजेते एकाच कंपनीचे कसे, असं विचारल्यावर सकपाळ म्हणाले की दुसऱ्या कंपन्यांना पत्रं पाठवली होती, पण त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. मराठी ध्वनिफीत सृष्टी अशी बघता बघता एका घरात मावली.

फळीच्या टोकाला, वीणांपासून थोडी लांब, एक लाकडी ढाल होती. वीणेच्या निम्मी. तिच्यावर लिहिलं होतं: विशेष समाजगीत गट, द्रुपदा साळवे.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

द्रुपदाबाईंची कॅसेट मी ऐकलेली नव्हती. पुण्यात आमच्या दैनिकाकडे येतात त्या कॅसेटी ठरावीक दुकानांतून येतात, आणि जयंतीची गाणी त्या दुकानांत ठेवत नाहीत. म्हणजे मनाई नसते, फक्त ठेवत नाहीत. मी म्हटलं, निदान सही करण्यापूर्वी ऐकू तरी. सकपाळांनी नाइलाजाने मशीन लावलं. मशीनने आधी फीत खाल्ली. मग त्यांनी पेन्सिल घालून ती गुंडाळली, पुन्हा लावली, आणि त्या घड्याळांच्या टिकटिकीत एका बाईचा आवाज सुरू झाला.

आवाजाचं वर्णन करण्यावर माझं पोट चालतं, म्हणून प्रयत्न करते. तो गोड नव्हता. रुंद होता. वरच्या पट्टीत गेला की बारीक व्हायच्या ऐवजी आणखी पसरायचा. गाणं तिच्या आईचं होतं. आई घागर घेऊन शहरातल्या तळ्याकडे निघते, घागर रिकामी जाते आणि भरून येते, एवढीच गोष्ट. तळं कुठलं ते महाडात सांगावं लागत नाही. मी ऐकत असतानाच पहिली बाजू संपली, आणि उलटून लावली तर दुसऱ्या बाजूला कुमार चंद्रहास. सकपाळ म्हणाले, नवी बाई, सगळी कॅसेट कशी द्यायची, म्हणून मागची बाजू नाववाल्या माणसाने भरली.

गुरुजी तेव्हा पहिल्यांदा बोलले. द्रुपदा त्यांची जुनी विद्यार्थिनी. एप्रिलमध्ये ही कॅसेट महाडपासून कल्याणपर्यंत मिळेनाशी झाली होती, हे सकपाळांनाही माहीत आहे. मग तिला गायकांच्या गटात का धरलं नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“गुरुजी, त्यांचा गट वेगळा ठेवलाय ना,” सकपाळ म्हणाले. “उगाच स्पर्धा नको.”

“स्पर्धा कोणाला नको आहे?” गुरुजींनी विचारलं.

सकपाळांनी चहा मागवला.

आम्ही दोघांनी सही केली नाही. तीनपैकी दोन परीक्षक विरोधात आहेत, हे मी सकपाळांच्या लक्षात आणून दिलं. त्यावर त्यांनी मला कार्यक्रमपत्रिका दाखवली. तीत ‘परीक्षकांच्या एकमताने’ असं छापूनच आलं होतं, आणि छापलेलं खोटं ठरवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. तशाही द्रुपदाबाई उद्या यायच्या नाहीत, असं ते म्हणाले, कारण त्यांची लावणी आहे.

मी वही काढली. त्या लावणीही गातात का, आणि बैठकीची की फडाची, असं मोठ्या उत्सुकतेने विचारलं. सकपाळ छताकडे पाहायला लागले. गुरुजी हलकेच म्हणाले, “बाई, भाताची.”

संध्याकाळी मी लॉजच्या मालकांना सांगितलं की रात्री जेवायला जाधव गुरुजींकडे जाणार आहे. ते म्हणाले, “तिकडे?” आणि पुन्हा हिशेबाच्या कामाला लागले. मी इतक्या व्याख्यानमाला ऐकल्या आहेत, पण समाजस्थितीवरचं इतकं संक्षिप्त भाषण कुठे ऐकलं नव्हतं.

गुरुजींच्या घरी तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, वालाचं बिरडं आणि ताटाच्या मधोमध एक अख्खा खेकडा होता. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला जेवायला वाढतात, झुंजायला नाही. मी त्याचा एक पाय धरून बराच वेळ विचार केला. गुरुजींच्या पत्नींनी तो माझ्या ताटातून उचलला, फोडला, आतला गर काढून लहान मुलापुढे ठेवतात तसा माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा घेतला. मी तीन खेकडे खाल्ले. तिन्ही त्यांनीच फोडले.

सव, रविवार सकाळ

सकाळी उत्तेकरशेठ स्वतः जीप घेऊन लॉजवर आले. मॅडमनी सव पाहिल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांचा आग्रह. सवला गरम पाण्याची कुंडं आहेत. बाहेर आकाशातून थंड पाणी कोसळत असताना आपण जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि गंधकाचा वास येत नाही असं एकमेकांना सांगायचं. कातडीच्या रोगांवर पाणी फार चांगलं, असं तिथे प्रत्येक जण सांगतो आणि आपल्याला रोग नसल्याचंही लगेच सांगतो.

शेठ ठेंगणे, गोल, पांढऱ्या सफारीतले. सफारी गुडघ्यापर्यंत दुमडून ते कुंडात पाय घालून बसले, तेव्हा मला ते आवडायला लागले. त्यांचे आईवडील डोंगरावरच्या वाडीत म्हशी राखायचे. ते मुंबईला गेले, एका रेडिओच्या दुकानात झाडू मारायला लागले, पुढे रेडिओ दुरुस्त करायला शिकले, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की लोक रेडिओ दुरुस्त करतात ते गाणी ऐकायला. मग त्यांनी गाणीच विकायला काढली. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला माझा प्रश्न विचारायचा संकोच वाटला. तरी विचारला. तुमच्या सगळ्यांत जास्त खपणाऱ्या गायिकेला तुम्ही ढाल का देता?

त्यांनी खप नाकारला नाही. उलट द्रुपदाबाईंच्या कॅसेटवरच या वर्षी कंपनीची नवी मशिनं आली, असं आपणहून सांगितलं.

“मग?”

“मॅडम, खपतं ते खपतं,” शेठ म्हणाले. “बक्षीस म्हणजे शोभा असते. शोभेला कसं, जरा पोझिशनवाला माणूस लागतो.”

मग त्यांनी मला पायाला पाणी चोळायला सांगितलं.

पोलादपूर, रविवार दुपार

सोहळा जुलैमध्ये का, याचं उत्तर मला शाळेच्या सभागृहात मिळालं. पावसाळ्यात मंडपवाला रिकामा असतो आणि सभागृहही. गळक्या कौलांखाली बांधलेला मंडप असा होता की ज्यांना छत्री उघडायची लाज वाटत नव्हती तेच कोरडे राहिले. व्यासपीठावर मखमली पडदा, त्याच्यावर ‘सुवर्णवीणा’ अशी थर्माकोलची अक्षरं, आणि टेबलावर पाच वीणा. दमट हवेने त्यांचा सोनेरी रंग हाताला लागत होता. मी एक उचलून ठेवली, त्यानंतर दिवसभर माझी बोटं गौरवाने झळाळत होती.

लोक चांगले जमले होते. पुढच्या खुर्च्यांवर पोलादपूरचे व्यापारी आणि शेठची भावकी, मागे बाकांवर शाळामास्तर, कारकून, एस.टी.चे लोक, आणि अगदी मागे, व्हरांड्यात, वाड्या-वस्त्यांवरचे बायाबापे उभे. त्यांना आमंत्रण नव्हतं, पण कोणी हाकललंही नव्हतं. गुरुजी जाऊन त्यांच्यात उभे राहिले. मला शाल मिळाली, ती मी ओल्या खुर्चीवर अंथरली. शाल कशासाठी लागते ते कळलं.

वेळ झाली आणि बातमी आली की कशेडी घाटात दरड कोसळली आहे. कुमार चंद्रहास आदल्या दिवशी खेडला कार्यक्रम करून येत होते. ते, त्यांचा ऑर्केस्ट्रा आणि निवेदक असे सगळे दरडीच्या पलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकले होते. म्हणजे तीन वीणांचा मानकरी डोंगरामागे होता.

शेठ डगमगले नाहीत. त्यांनी निवेदन सकपाळांकडे दिलं. सकपाळांनी पहिला पुरस्कार जाहीर केला, भक्तिगीतासाठी कुमार चंद्रहास, आणि मग माइक ठेवून, टेबलाला वळसा घालून, चंद्रहास यांच्या वतीने तो स्वतःच स्वीकारला. टाळ्या पडल्या. मग ते पुन्हा वळसा घालून माइकपाशी आले आणि भावगीताचा पुरस्कार जाहीर केला. पुन्हा वळसा. आता बाकांवरून हसू यायला लागलं. ध्वनिमुद्रणाच्या पुरस्काराला त्यांचे चिरंजीव बॅटरी आणायला गेले होते, म्हणून तोही त्यांनीच घेतला. व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं, “सकपालानी यंदा लय गाणी गायलीत रे.” सगळं सभागृह हसलं. शेठही हसले, पण घाम पुसत.

त्यांनी सकपाळांना खूण केली की विशेष गटाचं आधी उरकून घ्या, मुख्य वीणा शेवटी, तोवर चंद्रहास येतील.

सकपाळांनी ढाल हातात घेऊन नाव पुकारलं आणि सवयीने टेबलाला वळसा घालायला निघाले. तेवढ्यात व्हरांड्यात हालचाल झाली. पावसासाठी डोक्यावर घेतलेली इरली आणि खोळी बाजूला झाल्या आणि एक बाई आत आली. चाळिशीची, सावळी, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. मागे लहानमोठ्या वयाच्या चार-पाच जणी. गुरुजींनी सकाळी निरोप धाडला होता, आणि त्या सरळ शेतातून निघून ट्रकने आल्या होत्या. द्रुपदाबाई ओल्या पावलांनी गालिच्यावरून चालत गेल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आपले पाय मागे घेतले.

त्यांनी ढाल घेतली, उलटसुलट पाहिली आणि ती गुरुजींकडे धरून वरचं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सांगितलं. त्यांच्या मागोमाग पुढे आलेल्या गुरुजींनी खालून वाचलं. सकपाळांनी सवयीने माइक त्यांच्यापुढे धरला, दोन शब्द आभाराचे, म्हणून.

“ही मला नको,” द्रुपदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “हिच्यावं इशेष लिवलंय. मी इशेष काय गायले नाय. मी गाणं गायले.”

आणि ढाल त्यांनी टेबलावर ठेवली, हळूच, कोणाचं तरी मूल निजवावं तशी.

पुढच्या खुर्च्यांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, यांना काही दिलं तरी पटत नाही. मागचे लोक मात्र एकदम गप्प होते, आणि ती शांतता बरी नव्हती. मी शेठकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सवच्या कुंडात होता त्यापेक्षा लाल झाला होता. ते उठले, माइकपाशी गेले आणि जन्मभर दुकान चालवलेल्या माणसाने करायचं ते केलं. म्हणाले, बाईंनी आधी एक गाणं म्हणावं, मग बोलू.

मला वाटलं त्या निघून जातील. त्यांनाही तसं वाटलं असावं, कारण त्या दाराकडे वळल्या होत्या. पण दारात त्यांच्यासोबत आलेल्या बाया उभ्या होत्या, आणि त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने नुसती मान हलवली. द्रुपदाबाई परत फिरल्या. त्यांनी आईच्या घागरीचं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला वीज गेली.

माइक मेला, पंखे थांबले, थर्माकोलमागचे दिवे विझले. आवाजाला काही झालं नाही. कॅसेटवर मी ऐकला होता तो त्याचा सारांश होता. दारातल्या बाया मागून ओळ धरत होत्या, द्रुपदाबाई पुढची उचलत होत्या, आणि बाकांवरचे, मग व्हरांड्यातले लोक आत सरकत सरकत खुर्च्यांच्या मधल्या वाटेत येऊन उभे राहिले. पाय मागे घेणाऱ्या दोघांना आता पाय ठेवायलाच जागा उरली नाही. घागर भरून घरी आली तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा व्यापारी, जो सकपाळांच्या तिसऱ्या फेरीला झोपला होता, चष्मा पुसत होता. माझी वही मांडीवर उघडी होती. तिच्यात मी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

टाळ्या थांबायच्या आत शेठनी टेबलावरची शेवटून दुसरी वीणा उचलली. सर्वोत्कृष्ट गायकाची. मोठ्याने, माइकशिवाय, त्यांनी जाहीर केलं की परीक्षकांच्या एकमताने ही वीणा द्रुपदा साळवे यांना देण्यात येत आहे, पट्टी बदलून दिली जाईल. माझं आणि गुरुजींचं मत आदल्या दिवशीपासून तेच होतं आणि सकपाळांचं नेहमी शेठचंच असे, त्यामुळे छापलेलं एकमत अखेर खरं ठरलं. शेठचा हृदयपालट झाला असं कोणी समजू नये. ते गाणं चालू असताना मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि ओठांनी काहीतरी मोजत होते.

द्रुपदाबाईंनी वीणा घेतली. हसल्या नाहीत. पण पट्टीवरचं नाव पदराने झाकलं, ते मी पाहिलं.

आणि तेव्हा कुमार चंद्रहास आले.

ते दरडीवरून चालत आले होते. पांढरे बूट हातात, पांढरी पँट कमरेपर्यंत तांबडी, केसांचा फुगा खाली बसलेला. दारातच त्यांनी आपली वीणा दुसऱ्याच्या हातात पाहिली. भांडण होणार, अशी मला आशा होती. चंद्रहास पुढे आले, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि मला विचारलं, “बाई, इथे खायला काही मिळेल का?” माझ्याकडे लॉजवरची केळी होती. त्यांनी ती, सालं किती काळी पडलीत ते न पाहता, खाल्ली. वीणेबद्दल त्यांचं म्हणणं असं की घरी मागच्या वर्षांच्या आणखी दोन आहेत आणि रंग निघून आता त्या पांढऱ्या झाल्यात. त्यांना फक्त फोटो पाहिजे होता. फोटोशिवाय ऑर्केस्ट्राच्या तारखा मिळत नाहीत.

तेव्हा असं ठरलं की फोटोपुरती वीणा चंद्रहास यांनी धरायची. द्रुपदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धरू दे, दमून आलाय बिचारा. मंगळवारी आमच्याच दैनिकात तो फोटो छापून आला, खाली ‘सर्वोत्कृष्ट गायक’ असं लिहून. दुरुस्तीसाठी मी संपादकांकडे गेले, तर ते म्हणाले, तुम्ही सावकाश प्रवासवर्णन लिहा. म्हणून हे.

कापडे, सोमवार

मी त्याच दिवशी पुण्याला निघणार होते. पण गुरुजी शाळेला निघाले होते आणि गाडी कापड्यावरूनच पुढे जाणार होती, असं त्यांनी सांगितलं. ते खरं नव्हतं हे मला नंतर कळलं. त्यांनी आयुष्यात केलेली ती एकमेव थट्टा असावी.

शाळेच्या खाली साळव्यांचं शेत आहे. पाणी भरलेली खाचरं, त्यात एका ओळीत वाकलेल्या बाया, आणि बांधावर पांढरी सफारी. शेठ आमच्याआधी पोचले होते. छत्री उलटी झालेली, बूट चिखलात रुतलेले. ते दिवाळीच्या आधी पूर्ण कॅसेट मागत होते, दोन्ही बाजू. रविवारी ते ओठांनी काय मोजत होते ते आता कळलं.

द्रुपदाबाई वर आल्या नाहीत. रोपं लावता लावता, पाठ न उचलता, त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. ध्वनिमुद्रण भात घरात आल्यावर. मुंबईला एकटी जाणार नाही, धरणाऱ्या बायाही येतील, आणि त्यांचीही नावं कॅसेटवर छापायची. शेठनी सगळं मान्य केलं. फक्त एक अडचण मांडली. द्रुपदा साळवे हे नाव जरा गावठी वाटतं, दुकानात उठून दिसत नाही. कुमारी द्रौपदी केलं तर?

बाया हसायला लागल्या. एक तर हसता हसता खाचरात बसलीच. द्रुपदाबाईंना तीन मुलगे आहेत.

“नाव हाय तसंच ऱ्हाईल,” द्रुपदाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा ताठ उभ्या राहून शेठकडे पाहिलं. “नायतं टेप नाय. माझ्या आईनं ठेवलंय ते.”

शेठनी मान डोलावली. बूट तिथेच सोडून अनवाणी जीपकडे गेले. चालताना त्यांचे पाय बांधावर बरोबर पडत होते. म्हशी राखलेल्या माणसाचे पाय ते.

माझं काम संपलं होतं, पण गाडी यायला वेळ होता. मी द्रुपदाबाईंना म्हटलं, कालचं गाणं कोणीच टेप केलं नाही, पुन्हा एकदा ऐकवाल का? त्या म्हणाल्या, आता नाय, आता दम लागतो, आणि माझ्या हातात रोपांची मूठ दिली. मी चपला काढल्या. पंधरा वर्षं लोकांच्या गाण्यांवर बसल्या जागी मत देणारी मी, गुडघाभर चिखलात उतरले आणि वाकले. कंबर दोन मिनिटांत बोलायला लागली. माझ्या रोपांपैकी निम्मी लगेच तरंगून वर आली. शेजारची म्हातारी ती पुन्हा रोवत होती.

मग त्यांनी गाणं धरलं. म्हणजे धरलेलं होतंच, माझ्यामुळे थांबलं होतं. एक जण पुढे म्हणे, बाकीच्या मागून. दोन-तीन ओळी झाल्या आणि सगळ्या माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. मला शब्द नीट लागेनात. बांधावरच्या गुरुजींना विचारलं, तर ते घसा साफ करून म्हणाले, काही नाही बाई, असंच. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी, शाळेत कविता सांगावी तशा गंभीरपणे, सांगितलं:

पुन्याची बाई गो आली शेतात,
रोप लावी वाकडं, पेन हातात.

खरोखरच पेन माझ्या केसांत नव्हतं, पदराला नव्हतं, हातातच होतं. ते घेऊनच मी चिखलात उतरले होते. माझ्यावर आजवर अनेकांनी टीका केली आहे, पण चालीत कोणी केली नव्हती, आणि इतकी अचूक तर नाहीच. मला हसू आलं आणि मग का कोण जाणे, रडूही. दोन्ही पावसात लपलं.

वरून हॉर्न वाजला. गुरुजींनी माझी पिशवी उचलली, मी हात धुतले, चपला हातात घेतल्या आणि बांधावरून वळून पाहिलं. निरोपाचं काहीतरी बोलावं असं मनात होतं. पण कोणी मान वर केली नाही, गाणंही थांबलं नाही. त्यांची ओळ अजून अर्धी राहिली होती.